चतुर आणि टाचण्या : पावसाळ्यातील एक पर्यटन

आपल्या देशात वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या मनातील हंगामाची कल्पना बहुतांशी वाघाने ठरवून दिलेली आहे. पानगळ होऊन गेलेली, गवत वाळून खाली बसलेले, पाणवठे आटत आलेले, असा एप्रिल-मेचा काळ त्याला पसंत असतो. पाऊस सुरू झाला, की मध्य भारतातील व्याघ्रप्रकल्पांची गाभा क्षेत्रे साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत पर्यटकांना बंद होतात, रस्ते चिखलाने भरतात आणि निसर्गपर्यटनाचा काळ संपला असे आपण समजतो. परंतु नेमक्या याच काळात, कोणत्याही अभयारण्याचे दार न ठोठावता, ओढ्याच्या काठावर, भाताच्या खाचराच्या बांधावर किंवा घाटरस्त्याच्या कडेच्या ओहोळापाशी पाहता येईल असे एक वन्य जीवन भरास आलेले असते. ते म्हणजे चतुर आणि टाचण्या यांचे.

प्रथम नावांविषयी. कीटकांच्या ‘ओडोनेटा’ या गणात जगभर सहा हजारांहून अधिक जाती असून भारतात त्यांपैकी पाचशेच्या आसपास जातींची नोंद झालेली आहे. या गणाचे मुख्यतः दोन उपगण पडतात. अंगाने भरदार, वेगवान आणि बसताना चारही पंख आडवे पसरून बसणारे ते चतुर. काडीसारखे सडपातळ, मंद उडणारे आणि बसताना पंख पाठीवर मिटून घेणारे ते टाचण्या. अभ्यासकांनी मराठीत ही वाटणी आता पक्की केली असली, तरी पुष्कळ ठिकाणी लोक दोहोंना सरसकट चतुरच म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही. मल्याळम भाषेत या कीटकाला ‘तुंबी’ म्हणतात. ओणमच्या सुमारास तळ्यांवर व शेतांवर थव्याने तरंगणारा, पिवळ्या पंखांवर गडद तपकिरी नक्षी असलेला ऱ्हायोथेमिस व्हेरिएगाटा हा चतुर तेथे ‘ओणत्तुंबी’ या नावाने ओळखला जातो. फुलपाखरू समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करणारे प्रवासी पुष्कळ असतात. उलट मणिपूर आणि नागालँडमध्ये पाण्यात वाढणारी चतुरांची पिल्ले बाजारात खाद्य म्हणून विकावयास येतात. एकाच प्राण्याशी माणसाचे नाते किती परींचे असू शकते, याचे हे उदाहरण आहे. शेपटीला दोरा बांधून चतुर उडवण्याचा खेळ आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी खेळला असेल, हे सांगावयास नकोच.

ओळखीच्या वरील खुणांना अर्थातच अपवाद आहेत. टाचण्यांच्या एका कुळातील जाती पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. म्हणून अनुभवी निरीक्षक डोळ्यांकडे पाहतो. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून दूर असतात. बहुतेक चतुरांचे डोळे मोठे असून माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतात. अशा एका डोळ्यात हजारो लहान नेत्रके असतात, मोठ्या जातींत ही संख्या पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते. चारही पंख स्वतंत्रपणे हलविण्याची सोय असल्याने चतुर हवेत एका जागी स्थिर राहू शकतो, एकदम वळू शकतो आणि थोडे मागेही सरकू शकतो. उडत्या भक्ष्याचा तो नुसता पाठलाग करीत नाही. भक्ष्य पुढे कोठे पोहोचेल याचा अंदाज घेऊन तेथे आधीच जातो. प्रयोगशाळेत आणि उघड्यावर केलेल्या निरीक्षणांत त्याच्या शंभर झडपांपैकी नव्वदांहून अधिक यशस्वी ठरल्याचे दिसून आले आहे. वाघाला एवढे यश कधी मिळत नाही.

परंतु पाण्याकाठी ज्याला आपण पाहतो, तो या प्राण्याच्या आयुष्याचा अखेरचा, बहुधा काही आठवड्यांचाच भाग असतो. अंडी पाण्यात, पाणवनस्पतींच्या देठात किंवा काठच्या चिखलात घातली जातात. त्यांतून निघणारा डिंभ पूर्णपणे जलचर असतो. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. बेडकाचे पिल्लू, डासाची अळी किंवा लहानसा मासा आटोक्यात येताच तो क्षणार्धात पुढे फेकला जातो व टोकावरील आकड्यांनी भक्ष्य पकडून तोंडाशी आणतो. टाचणीच्या डिंभाला शेपटाकडे पानांसारखे तीन कल्ले असतात. चतुराच्या डिंभाचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. तेथील पाणी जोराने बाहेर फेकून तो संकटकाळी पुढे झेपही घेतो. अशा रीतीने काही आठवडे, काही महिने, क्वचित काही वर्षे पाण्यात काढल्यावर एके रात्री किंवा पहाटे तो एखाद्या बोरूवर किंवा दगडावर चढतो, पाठीवरची कातडी उकलते आणि आतून फिकट, ओलसर, सुरकुतलेल्या पंखांचा प्रौढ कीटक बाहेर येतो. रिकामी कात तशीच चिकटून राहते.

या कातीचे महत्त्व प्रवाशाने ओळखावे. उडणारा चतुर कोठूनही आलेला असू शकतो; परंतु ज्या दगडावर कात आहे, त्याच पाण्यात तो वाढला हे निश्चित. एखाद्या ओढ्याचे पाणी कसे आहे, हे ठरवू पाहणारा अभ्यासक म्हणून कातींची मोजदाद आवर्जून करतो. गावाच्या सांडपाण्याच्या डबक्यावरही समाधानाने राहणारा ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी रंगाचा लहान चतुर एकीकडे, आणि गार, वाहत्या, सावलीतल्या स्वच्छ पाण्यावाचून जगू न शकणाऱ्या घाटातल्या टाचण्या दुसरीकडे. या दोहोंच्या मध्ये आपल्या नद्यांची सगळी अवस्था वाचता येते. एखाद्या ओढ्यावर दुसऱ्या प्रकारच्या टाचण्या नाहीशा होऊन पहिल्या प्रकारचे चतुर वाढले, तर वरच्या बाजूला काय घडले असावे याचा तर्क करण्यास प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

आता प्रवासाकडे वळू. द्वीपकल्पीय भारतात या पर्यटनाचे सर्वांत समृद्ध क्षेत्र म्हणजे पश्चिम घाट. तेथे दोनशेच्या आसपास जाती आढळतात आणि त्यांपैकी सत्तरहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत. या ज्ञानाचा पाया घातला तो फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या लष्करी वैद्यकीय सेवेतील शल्यविशारदाने. कूर्ग, निलगिरी आणि मलबारच्या ओढ्यांवर त्याने वर्षानुवर्षे चतुर गोळा केले आणि १९३३, १९३४ व १९३६ साली तीन खंडांत त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही कोणताही गंभीर अभ्यास या खंडांना वगळून होत नाही. सामान्य वाचकाला मात्र ते खंड हाताळणे अवघड होते. के. ए. सुब्रमणियन यांनी २००५ साली द्वीपकल्पातील चतुर व टाचण्यांवर क्षेत्रमार्गदर्शिका सिद्ध केली, आणि त्यानंतर हौशी निरीक्षकांची संख्या झपाट्याने वाढली.

पाऊस सुरू झाला की लगेच निघावे काय? नाही. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत घाटात पाऊस इतका संततधार असतो, की चतुर झुडपांत दडून राहतात. पावसाच्या आधीचा मे-जूनचा काळ डोंगरी ओढ्यांवरील काही जातींसाठी उत्तम, कारण त्या थोड्याच आठवड्यांसाठी बाहेर येतात आणि दिसेनाशा होतात. सर्वसाधारण प्रवाशाने सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ निवडावा. तेव्हा पावसाला उघडीप असते, पाणी सर्वत्र असते आणि उन्हात ताप नसतो.

केरळातील तट्टेकाड हे पेरियार नदीकाठचे अभयारण्य पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९३३ साली त्रावणकोर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करताना सालिम अली यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि १९८३ साली ते अभयारण्य झाले. पक्षी पाहण्यास आलेल्या माणसाला सकाळी नऊनंतर पक्ष्यांची हालचाल मंदावली, की काय करावे असा प्रश्न पडतो. चतुर पाहणाऱ्याचा दिवस तेव्हाच सुरू होतो, कारण ऊन अंगात मुरल्याखेरीज हा कीटक उडत नाही. सावलीतील ओहोळावर व्हेस्टालिस या प्रजातीच्या लांबट, हिरव्या धातूच्या चकाकीच्या टाचण्या झुडपांवर बसलेल्या आढळतात. एका जातीच्या पंखांची टोके काळी, दुसरीचे पंख निर्मळ. थोड्या मोकळ्या, खडकाळ प्रवाहावर न्यूरोबेसिस चायनेन्सिस दिसली, तर प्रवास सार्थकी लागला असे समजावे. बसलेला नर गडद आणि साधा दिसतो. तो पंख उघडतो तेव्हा मागच्या पंखांवरील हिरवी-निळी झळाळी एकदम प्रकट होते आणि पुन्हा झाकली जाते. लिनिअसने १७५८ साली वर्णन केलेली ही जाती आशियात दूरवर पसरलेली आहे. तिला दुर्मिळ म्हणता येणार नाही. तरीही तिच्यासाठी अर्धा दिवस एका खडकावर बसून राहण्यास हरकत नाही.

केरळच्या दक्षिण भागात कुळत्तुपुळा परिसरात आणि कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात जायफळाच्या कुळातील वृक्षांच्या दलदली आहेत. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे, संथ गढूळसर पाणी आणि भर दुपारीही अंधार, असे त्यांचे रूप असते. कॅलोसिफा लेडलावी ही निळ्या रंगाची सुंदर टाचणी अशा ओल्या जंगलातील प्रवाहांशी बांधलेली आहे. या दलदली मुळातच थोड्या. सपाट आणि पाण्याची जागा म्हणून पूर्वी त्यांतील पुष्कळ भाताखाली आणि सुपारीखाली गेल्या. महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे अशी एक दलदल टिकून राहिली आहे, ती देवराईच्या आश्रयाने.

महाराष्ट्राचा विषय निघाला आहे, तर सांगितले पाहिजे, की २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सूचीत राज्यातील १३४ जातींची नोंद होती आणि ही संख्या तेथे थांबलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विमलेश्वर येथून २०१९ साली सेरिऍग्रिऑन क्रोमोथोरॅक्स, साताऱ्याजवळच्या ठोसेघर येथून २०२१ साली युफिया ठोसेघरेन्सिस आणि आंबोलीजवळच्या चौकुळ येथून २०२२ साली बर्मागोम्फस चौकुळेन्सिस, अशा जाती विज्ञानाला नव्याने ज्ञात झाल्या. गोव्यातून २०१३ साली इडिऑनिक्स गोमंतकेन्सिस या जातीचे वर्णन झाले होते. ही यादी देण्याचा हेतू नावे पाठ व्हावीत असा नाही. ठोसेघरचा धबधबा पाहण्यासाठी दर पावसाळ्यात हजारो माणसे जातात, कठड्याशी उभी राहून छायाचित्रे काढतात, भुट्टे खातात आणि परततात. ज्या कीटकाला विज्ञानात नाव नव्हते, तो या सर्व वर्षांत तेथेच, थोड्या अंतरावर, दगडावर बसलेला होता. नाव मिळण्यापूर्वीच नाहीसे होण्याची शक्यता अशा जातींच्या बाबतीत खरीखुरी असते. एका डोंगरउतारावरचा एकच प्रवाह पाइपात घातला गेला, तरी ती पुरेशी ठरू शकते.

हिमालयाच्या बाजूला जाणाऱ्या प्रवाशाला वेगळ्या प्रकारचे आकर्षण आहे. दार्जिलिंगच्या डोंगरातील एका ओढ्यात सापडलेल्या डिंभावरून टिलयार्ड या शास्त्रज्ञाने १९२१ साली जी जाती वर्णिली, ती एपिऑफ्लेबिया लेडलावी. तिचे अंग चतुराचे, तर पंख टाचणीसारखे. दोन्ही उपगणांत न बसणाऱ्या या शाखेचे फार थोडे प्रतिनिधी आज जगात आहेत आणि त्यांपैकी एक दूर जपानमध्ये आहे. थंडगार पाण्यात तिच्या डिंभाची वाढ पुरी होण्यास अनेक वर्षे लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव घालण्यात आले. मात्र तिला पाहण्याच्या आशेने कोणी सुट्टी आखू नये. दार्जिलिंगला गेलात तर ओढ्यावर थांबा, एवढेच सांगता येईल.

सर्वांत मोठा प्रवास मात्र कोणत्याही पर्यटकाचा नसून पँटाला फ्लेव्हेसन्स या पिवळसर चतुराचा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मैदानांवर, रस्त्यांवर, अगदी शहरातल्या क्रीडांगणांवरही त्याचे थवे न बसता घिरट्या घालताना सर्वांनी पाहिले असतील. पावसाने साचलेल्या तात्पुरत्या डबक्यात त्याचा डिंभ सुमारे सहा आठवड्यांत वाढतो. डबके आटण्यापूर्वी काम उरकण्याची ही युक्ती आहे. मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास या बेटांवर हे चतुर हजारोंनी उतरतात. या प्रवाळबेटांवर गोडे पाणी पृष्ठभागावर जवळजवळ नसतेच, म्हणजे ते तेथे जन्मलेले असणे शक्य नव्हते. वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून त्याने २००९ साली असे प्रतिपादन केले, की भारतातून निघालेले हे कीटक उंचावरील अनुकूल वाऱ्यांच्या आधाराने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत पोहोचतात आणि पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. जाऊनयेऊन हे अंतर १४,००० ते १८,००० किलोमीटर होते. कोणताही एक चतुर ते सबंध पार करीत नाही. प्रवास पिढ्यांचा असतो. नागालँडमधील दोयांग जलाशयावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखोंनी विसावणारे अमूर ससाणे याच दिशेने अरबी समुद्र ओलांडतात, आणि वाटेतील त्यांची शिदोरी हे चतुरच असावेत असा कयास आहे.

साधनसामग्री फारशी लागत नाही. दोन मीटर अंतरावरचीही वस्तू स्पष्ट दाखवील अशी दुर्बीण, एक वही, पाण्यात उतरता येईल असे पादत्राण आणि घाटात जाणार असाल तर जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे. जळवांना घाबरून परतलेल्या प्रवाशांची संख्या हत्तींना घाबरून परतलेल्यांपेक्षा निश्चितच मोठी असावी. आपली सावली कीटकावर पडू न देता, खाली वाकून, थांबत थांबत जवळ जावे. उडून गेला तरी हलू नये. पुष्कळ चतुर त्याच काडीवर परत येऊन बसतात. भर दुपारी एखादा चतुर पोटाचे टोक नेमके सूर्याकडे करून उभा राहिलेला दिसेल. अंगावर ऊन कमीत कमी पडावे यासाठी ती योजना असते. जोडीने हृदयाच्या आकारात गुंतलेले नर-मादी दिसले, तर पुढे काय होते ते पाहत राहावे. काही जातींत नर मादीला मानेपाशी धरून अंडी घालेपर्यंत सोडत नाही, काहींत वरून पहारा देतो. या राखणीला कारण आहे. जोनाथन वेज याने १९७९ साली दाखवून दिले, की टाचण्यांच्या एका जातीत नर स्वतःचे वीर्य देण्यापूर्वी आधीच्या नराचे वीर्य काढून टाकतो. या शोधाने प्राण्यांच्या प्रणयाविषयीची एकंदर विचारसरणीच बदलली.

जाळे मात्र घरी ठेवावे. संरक्षित वनात परवानगीवाचून कीटक पकडणे हा गुन्हा आहे, आणि बाहेरही आता छायाचित्रावरून बहुतेक जाती ओळखता येतात. हानी खरी होते ती जाळ्याने नव्हे, पायांनी. पंधरा जणांचा गट छायाचित्रासाठी एकाच प्रवाहात उतरला, तर तळचे दगड हलतात, काठचे शेवाळ व वनस्पती तुडविल्या जातात, आणि अंडी व डिंभ नेमके तेथेच असतात. साबणाने आंघोळ करणाऱ्या सहलींविषयी तर बोलावयास नको. म्हणून लहान गट आणि काठावरून निरीक्षण, हा नियम जे स्थानिक मार्गदर्शक कटाक्षाने पाळतात, त्यांच्याबरोबर जावे. आंबोलीसारख्या गावात असे जाणकार आता तयार झाले आहेत. धबधब्याच्या गर्दीतून गावाला जे मिळते, त्याहून वेगळे उत्पन्न ओढा जिवंत ठेवल्याने मिळू शकते, हे गावाला पटवावयाचे असेल तर येणाऱ्याने तेथे दोन रात्री राहिले पाहिजे, केवळ एक दुपार नव्हे.

डास खाणारा कीटक म्हणून चतुराची उपयुक्तता सांगण्याची पद्धत आहे. तीत तथ्य आहे. रंगून शहरात साठवणीच्या पाण्यात क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या लाल चतुराचे डिंभ लोकांच्या साहाय्याने सोडून डेंग्यू पसरविणाऱ्या डासांना आळा घालण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता, आणि त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. परंतु उपयोग सिद्ध झाल्यावरच एखाद्या प्राण्याकडे पाहावयाचे, ही सवय प्रस्तुत लेखकाला फारशी रुचत नाही.

दिवस मावळू लागला, की बहुतेक निरीक्षक वही मिटतात आणि शेवटच्या गाडीकडे निघतात. गाडीला थोडा अवकाश असेल तर तळ्याकाठी अर्धा तास अधिक थांबावे. इतर सर्व चतुर झुडपांत विसावल्यावर, डास वर उठू लागतात त्या वेळी, थॉलिमिस टिलार्गा बाहेर पडतो. लालसर अंगाचा हा चतुर त्या अंधूक प्रकाशात दिसत नाही. दिसतो तो केवळ त्याच्या मागच्या पंखांवरचा पांढरा ठिपका, पाण्यावरून वेगाने इकडून तिकडे फिरणारा.